कोऱ्या सिबिलवर जुन्या गाडीचे कर्ज

गेल्या दसऱ्याला, म्हणजे २ ऑक्टोबर २०२५ रोजी, कळव्यात आमच्या इमारतीखाली माझ्या नावावरची पहिली गाडी उभी राहिली. डिसेंबर २०१८ ची पेट्रोल वॅगनआर, एमएच-०४ पासिंगची, एकाच मालकाने वापरलेली. गाडी पसंत करायला मला एक रविवार पुरला. तिच्यासाठी कर्ज मिळवायला मात्र जवळजवळ दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत जे शिकले ते इथे क्रमाने लिहून ठेवते आहे, कारण माझ्याबरोबर काम करणाऱ्या दोघीजणी आता त्याच वाटेवर आहेत आणि पैशांच्या व्यवहारात ऐकीव माहितीवर चालून मी जशी अडखळले तशा त्यांनी अडखळू नये अशी माझी मनापासून इच्छा आहे.

मी नेरूळच्या एका हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन थिएटरची परिचारिका आहे. ऑन-कॉल असताना तातडीची केस आली की रात्रीचा एक-दीड वाजणे नित्याचे असते, आणि त्या वेळी ट्रान्स-हार्बरची लोकल मिळत नाही. ठाणे-बेलापूर रस्त्याने तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, रबाळे, ऐरोली, दिघा असे एकेक मागे टाकत रात्री मिळेल त्या रिक्षाने कळव्याला येण्यात जाणारे पैसे आणि घरच्यांची काळजी, या दोन्हींचा हिशेब घातल्यावर यजमानांनी आणि मी ठरवले की गाडी घ्यायची, आणि झेपेल अशी म्हणजे वापरलेलीच घ्यायची.

पहिला धक्का बसला तो माझ्या स्वतःच्या कागदांवर. मी कोणाचे एका पैशाचे देणे ठेवलेले नाही, तेव्हा बँक मला आनंदाने कर्ज देईल, अशी माझी समजूत होती. सिबिलचा स्कोअर, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदींवरून पतमाहिती कंपनीने काढलेला गुणांक, ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो हे ठाऊक होते; आपला साडेसातशेच्या आसपास तरी असेल असे मनाशी धरून मी अहवाल काढला, तर स्कोअरच्या जागी आकडाच नव्हता. तिथे ‘एनएच’ असे लिहिले होते, म्हणजे ‘नो हिस्टरी’, पतइतिहास नाही. खरे तर चार वर्षांपूर्वी धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी मी आमच्या हॉस्पिटलच्या कर्मचारी पतपेढीतून ८०,००० रुपये घेतले होते आणि ते २४ हप्त्यांत, एकही हप्ता न चुकवता, पगारातून फेडले होते. पतपेढीच्या सचिवांना माझी पत ठाऊक होती, पण त्या परतफेडीची एकही नोंद माझ्या अहवालात नव्हती. दोन वर्षे दर महिन्याला पोट आवळून भरलेले ते हप्ते बँकेच्या लेखी घडलेच नव्हते, आणि याचे मला खरोखर वाईट वाटले.

इथे दोन गोष्टी सांगणे आवश्यक आहे. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क अशा चार पतमाहिती कंपन्या आपल्याकडे आहेत आणि त्या प्रत्येकीने वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल आपल्याला विनामूल्य दिला पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने स्कोअर घटत नाही. दुसरी गोष्ट अशी की कर्जासाठी अमुक इतका किमान स्कोअर असलाच पाहिजे, असे रिझर्व्ह बँकेने ठरवलेले नाही. आणि पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ इतिहास नाही या एका कारणाने फेटाळू नये असेही बँकांना सांगितलेले आहे. अर्थ राज्यमंत्र्यांनी २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात लोकसभेत तसे स्पष्ट केले होते. अर्थात, फेटाळू नये याचा अर्थ दिलेच पाहिजे असा होत नाही. कोरा अहवाल असला की बँक बाकीच्या सगळ्या गोष्टी दुप्पट बारकाईने तपासते, हे मी अनुभवले.

हे कळण्याआधीच माझ्या हातून एक चूक होऊन गेली होती. घोडबंदर रस्त्यावरच्या वापरलेल्या गाड्यांच्या एका दुकानात आम्ही सुरुवातीला गाड्या पाहायला गेलो होतो. तिथे बसणाऱ्या एजंटने “मॅडम, फक्त एलिजिबिलिटी बघू, काही बंधन नाही,” असे म्हणून माझ्या आधार आणि पॅन कार्डाचे फोटो व्हॉट्सअॅपवर मागवून घेतले आणि नंतरच्या दोन दिवसांत फोनवर आलेले ओटीपी मी त्याला सांगत गेले. पंधरा दिवसांनी अहवाल पुन्हा पाहिला, तर त्यात पाच वेगवेगळ्या वित्तसंस्थांनी माझी चौकशी केल्याच्या नोंदी होत्या, आणि त्यांपैकी तिघांची नावे मी प्रथमच वाचत होते. इतिहास नसलेल्या माझ्या अहवालात पहिली नोंद झाली ती पंधरा दिवसांत पाच ठिकाणी कर्ज मागितल्याची. पुढे ज्या बँकेने कर्ज दिले तिच्या अधिकाऱ्यांनीही सर्वांत आधी हेच विचारले, की या पाच जागी तुम्हाला नकार मिळाला होता का? ओटीपी सांगणे म्हणजे संमती देणे असते. मी रुग्णाच्या संमतीपत्रावर सही घेताना त्याला प्रत्येक ओळ समजावून सांगते, आणि स्वतःची संमती मात्र फोनवर सहा आकडे बोलून देऊन टाकली.

त्याच एजंटने एका बिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर पेनाने ‘८%’ असे मोठ्या अक्षरांत लिहून दाखवले होते. माझे पगाराचे खाते असलेल्या बँकेने १३ टक्के सांगितले, तेव्हा माझ्या यजमानांना साहजिकच ८ टक्केच बरे वाटले. फरक ‘फ्लॅट’ या एका शब्दात होता, आणि तो त्या कागदावर लिहिलेला नव्हता. फ्लॅट दरात व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवरच आकारले जाते. तुम्ही निम्मे मुद्दल फेडलेले असले तरी व्याज पूर्ण मुद्दलावर चालूच असते. घटत्या शिलकीच्या दरात दर महिन्याला जेवढे मुद्दल शिल्लक आहे तेवढ्यावरच व्याज लागते. आम्ही शेवटी घेतलेल्या रकमेवरच हिशेब मांडते. २,६४,००० रुपये, ३६ महिने. ८ टक्के फ्लॅटने व्याज होते ६३,३६० रुपये आणि हप्ता येतो सुमारे ९,०९३ रुपये. १३ टक्के घटत्या शिलकीने हप्ता येतो सुमारे ८,८९५ रुपये आणि एकूण व्याज होते ५६,२०० च्या जरा वर. म्हणजे आठ टक्केवाले कर्ज तेरा टक्केवाल्यापेक्षा सात हजारांनी महाग होते. घटत्या शिलकीच्या भाषेत बोलायचे तर ते साडेचौदा टक्क्यांचे कर्ज होते. हा हिशेब मी रात्रपाळीत, केस नसलेल्या एका तासात, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर तीनदा केला, कारण पहिल्या दोन वेळा मला तो खरा वाटेना.

सुदैवाने आता हा गोंधळ टाळण्याची एक कायदेशीर सोय आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ मुदत कर्जांसाठी बँकेने किंवा वित्तसंस्थेने करार करण्यापूर्वी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ नावाचे पत्रक दिलेच पाहिजे. त्यात व्याज, प्रक्रिया शुल्क आणि इतर आकार धरून होणारा वार्षिक दर, म्हणजे एपीआर, एकाच आकड्यात लिहावा लागतो. माझ्या पत्रकात व्याजदर १३ टक्के होता, पण प्रक्रिया शुल्क ३,९६० रुपये, त्यावर जीएसटी आणि मूल्यांकनाचे ५९० रुपये धरल्यावर एपीआर १४ टक्क्यांच्या वर गेलेला होता. दोन ठिकाणच्या कर्जांची तुलना करायची ती या आकड्यावरून. घोडबंदरच्या एजंटकडे मी हे पत्रक मागितले तेव्हा “सँक्शन झाल्यावर देतो” असे उत्तर मिळाले, आणि तिथला विषय मी त्याच दिवशी संपवला.

गाडी मला दुकानात मिळाली नाही. पाचपाखाडीत राहणारे एक निवृत्त गृहस्थ, आमच्या वॉर्डातल्या एका रुग्णाचे शेजारी, मुलाकडे पुण्याला कायमचे राहायला जाणार होते आणि त्यांना गाडी विकायची होती. मी त्यांना काका म्हणते आणि ते मला पहिल्या दिवसापासून ‘सिस्टर’ म्हणतात. ३,७५,००० पासून सुरुवात होऊन ऑगस्टच्या मध्यावर ३,६०,००० रुपयांना सौदा ठरला, मी १०,००० रुपये टोकन दिले आणि गौरी-गणपतीच्या आधी गाडी दारात येईल असे आम्ही धरून चाललो. टोकनची पावती मात्र मी लिहून घेतली होती आणि कर्ज मंजूर न झाल्यास रक्कम परत करण्याचे काकांनी तिच्यात स्वतःच्या हाताने लिहिले होते. या एका ओळीमुळे पुढचा सगळा काळ आमच्यात कटुता आली नाही.

कारण अडचण निघाली ती गाडीच्याच आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर. काकांनी २०१८ मध्ये गाडी घेताना कर्ज काढले होते आणि ते २०२२ मध्ये मुदतीआधीच फेडलेही होते. वित्तसंस्थेने दिलेली एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, आणि फॉर्म ३५ त्यांनी प्लास्टिकच्या फाइलमध्ये अत्यंत नीट जपून ठेवले होते. पण ती कागदपत्रे घेऊन परिवहन कार्यालयात जाऊन आरसीवरचे तारण उतरवायचे असते, हे त्यांच्या लक्षातच आले नव्हते. शेतीची कामे पाहिलेल्या वाचकांना हे सहज कळेल: सोसायटीचे कर्ज फेडले म्हणून सातबाऱ्याच्या इतर हक्कातला बोजा आपोआप उतरत नाही, तो अर्ज करून उतरवावा लागतो. गाडीचेही तसेच. आरसीवर वित्तसंस्थेचे नाव असते त्याला बोलीभाषेत ‘एचपी’ म्हणतात, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५१ प्रमाणे अशी नोंद असेपर्यंत त्या वित्तसंस्थेच्या लेखी संमतीशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर चढत नाही. बँकेच्या दृष्टीने तर ती गाडी आधीच दुसऱ्याकडे गहाण आहे. काकांच्या एनओसीवर तीन महिन्यांची मुदत छापलेली होती आणि ती संपून तीन वर्षे होत आली होती.

ज्या दिवशी बँकेतून फोन आला त्या दिवशी काका फाइल मांडीवर घेऊन बसले होते आणि पुन्हा पुन्हा म्हणत होते, “सिस्टर, मी एक रुपया बाकी ठेवला नाही हो.” मला त्यांची तगमग आतून कळत होती, कारण पतपेढीच्या हप्त्यांबाबत मी अगदी हेच म्हणाले होते. त्यांची ती जुनी शाखा दुसरीकडे हलली होती, मध्ये गणपती आले, आणि नवी एनओसी हातात पडायला १७ दिवस लागले. वित्तसंस्था वाहननोंदणीच्या सरकारी ‘वाहन’ पोर्टलला जोडलेली असेल तर हे काम आता ऑनलाइनही होते, पण जुन्या खात्यांच्या बाबतीत कागदांचा शोध घ्यावाच लागतो. जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला माझे कळकळीचे सांगणे आहे की टोकन देण्याआधी गाडीचा नंबर ‘वाहन’च्या संकेतस्थळावर किंवा एमपरिवहन ॲपवर टाकून पाहावा. तिथे वित्तसंस्थेचे नाव, विम्याची आणि पीयूसीची मुदत, नोंदणी केव्हापर्यंत वैध आहे, गाडी कितव्या मालकाकडे आहे, हे सारे पाच मिनिटांत दिसते. महाट्रॅफिकवर थकीत ई-चलानही पाहता येतात. आमच्या गाडीवर दोन होती, ती काकांनी त्याच संध्याकाळी भरली. १ एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असेल तर उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली आहे ना, तेही बघावे. सीएनजी किट असेल तर त्याची नोंद आरसीवर हवी; ती नसेल तर बँक आणि विमा कंपनी दोघीही हरकत घेतात. परराज्यातल्या, विशेषतः दिल्ली पासिंगच्या गाड्या इकडे स्वस्तात दाखवतात, पण त्यांची एनओसी आणि महाराष्ट्राचा वाहनकर (रोड टॅक्स) हा वेगळा खर्च आणि वेगळा व्याप असतो. मी त्या वाटेला गेले नाही.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बँकेचा मूल्यांकनकार पाचपाखाडीला आला. तिशीतला, अबोल मुलगा होता. त्याने आधी पुढचा सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढला आणि जो भाग एरवी कधीच बाहेर येत नाही त्यावरून बोट फिरवून पाहिले; पाण्यात बुडालेल्या गाडीत तिथे चिखलाची रेघ राहते, असे त्याने मी विचारल्यावर सांगितले. ठाणे आणि नवी मुंबईत पावसाळ्यात पाणी साचणाऱ्या जागा कमी नाहीत, तेव्हा ही तपासणी मला फार मोलाची वाटली. मग त्याने डिकीतले मॅटिंग उचलून स्टेपनीच्या खोबणीत टॉर्च मारला, दारांच्या कडांचे रबर थोडे सोलून आतले वेल्डिंगचे ठिपके पाहिले, आणि शेवटी चासी नंबरवर पातळ कागद धरून त्यावर शिसपेन्सिल आडवी घासली. काळ्या पट्ट्यात पांढरे आकडे एकेक करून उमटत गेले. तो कागद आरसीशेजारी धरून त्याने आकडे दोनदा, एकदा उलट्या क्रमानेही, वाचले. आम्ही ड्रग चार्टवरचे नाव आणि रुग्णाच्या मनगटावरचे नाव असेच दोनदा जुळवतो.

त्याने किंमत काढली ३,३०,००० रुपये. जुन्या गाडीच्या कर्जातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे आणि ती कोणी मोकळेपणाने सांगत नाही: बँक टक्केवारी काढते ती आपल्या सौद्याच्या किमतीवर नव्हे, तर तिच्या मूल्यांकनावर. ‘नव्वद टक्के लोन’ हे शब्द ऐकून मी ३,६०,००० च्या नव्वद टक्क्यांचा, म्हणजे ३,२४,००० रुपयांचा हिशेब केला होता आणि स्वतःचे ३६,००० तयार ठेवले होते. प्रत्यक्षात बँकेने पतइतिहास नसलेल्या अर्जदाराला मूल्यांकनाच्या ८० टक्के, म्हणजे २,६४,००० रुपये देऊ केले. सौदा जुन्या किमतीवरच राहिला असता तर मला ९६,००० रुपये उभे करावे लागले असते.

किमतीत घट होण्याला आणखी एक कारण त्याच महिन्यात घडले होते. ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेने छोट्या गाड्यांवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणण्याचे जाहीर केले आणि २२ सप्टेंबरपासून, घटस्थापनेच्या दिवसापासून, तो लागू होणार होता. नवी गाडीच स्वस्त होणार म्हटल्यावर जुनीचा भाव खाली येणे ओघानेच आले. मी काकांपुढे मूल्यांकनाचा अहवाल ठेवला, घासाघीस केली नाही. त्यांनी तो चष्मा लावून पूर्ण वाचला आणि आपण होऊन ३,४५,००० म्हणाले. माझ्या वाट्याला ८१,००० रुपये आले. त्यासाठी दोन वर्षे चालवलेले रिकरिंग मोडले. वैयक्तिक कर्ज काढून डाउन पेमेंट भरण्याचा सल्ला आम्हाला दोन जणांनी दिला होता. तो मी मानला नाही, कारण मग एका गाडीचे दोन हप्ते सुरू झाले असते.

मुदतीबद्दलही माझी कल्पना चुकीची निघाली. मला पाच वर्षांचे कर्ज हवे होते, म्हणजे हप्ता सहा हजारांवर आला असता. पण कर्ज संपेल त्या दिवशी गाडीचे वय १० वर्षांपेक्षा अधिक नसावे, असा त्या बँकेचा नियम होता. डिसेंबर २०१८ ची गाडी, त्यामुळे ३६ महिने ही मर्यादा आपोआप ठरली. प्रत्येक बँकेची वयाची अट थोडी वेगळी असते, म्हणून गाडीचे वर्ष निवडताना ती आधी विचारावी. तेव्हा मी नाराज झाले होते. नंतर हिशेब केला तर पाच वर्षांत ९६,००० हून अधिक व्याज गेले असते, तीन वर्षांत ते ५६,००० वर थांबते.

माझ्या उत्पन्नाच्या कागदांबद्दल थोडक्यात सांगते. तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, सहा महिन्यांचे खाते उतारे, फॉर्म १६, आणि भाड्याचे घर असल्यामुळे नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार लागला. करार दोन महिन्यांत संपणार होता, तो आधी नवा करून आणावा लागला. पगारातला ऑन-कॉल आणि नाइट अलाउन्स बँकेने धरला नाही, केवळ ठरावीक पगार धरला. पाळीत काम करणाऱ्या सगळ्यांनी हे ध्यानात ठेवावे, कारण हातात येणारा पगार आणि बँकेने मानलेला पगार यांत माझ्या बाबतीत साडेचार हजारांचा फरक होता. शेवटी निर्णय झुकला तो दोन गोष्टींनी: पगाराचे खाते चार वर्षे त्याच बँकेत होते, आणि यजमान सहकर्जदार झाले. त्यांनी स्कूटरचे कर्ज पूर्वी फेडले होते आणि त्यांचा स्कोअर ७६१ होता. सहकर्जदार होणे ही नुसती सही नव्हे. हे कर्ज त्यांच्याही अहवालात त्यांचे म्हणूनच दिसते आणि मी हप्ता चुकवला तर डाग दोघांनाही लागतो. आम्ही दोघांनी बसून हे बोलून घेतले आणि मगच सही केली.

सही करायच्या दिवशी कागदांत ९,८०० रुपयांची एक कर्जसुरक्षा विमा पॉलिसी निघाली, जिचा उल्लेख आधी कोणी केला नव्हता आणि की फॅक्ट स्टेटमेंटमध्येही ती नव्हती. मी अधिकाऱ्यांना शांतपणे विचारले की ही घेणे बंधनकारक आहे का. “नाही, ऐच्छिक आहे,” असे म्हणून त्यांनी तो कागद बाजूला काढला. विचारले नसते तर ती रक्कम कर्जात मिळवली गेली असती आणि तिच्यावरही व्याज बसले असते. मुदतीआधी कर्ज फेडल्यास किती शुल्क, हेही मी त्याच बैठकीत विचारून घेतले, कारण स्थिर दराच्या वाहनकर्जावर असे शुल्क लावले जाते आणि माझे कर्ज स्थिर दराचे आहे.

बँकेने रक्कम ३० सप्टेंबरला थेट काकांच्या खात्यात भरली. तोवर पितृपक्ष सरला होता. पितृपक्षात गाडी द्यायला काकू तयार नव्हत्याच, आणि मलाही त्यांचे मन मोडायचे नव्हते. परिवहन विभागाकडे एकत्रच तीन गोष्टी गेल्या: फॉर्म ३५ ने जुने तारण उतरवणे, फॉर्म २९ आणि ३० ने मालकी माझ्या नावावर करणे, आणि फॉर्म ३४ ने माझ्या बँकेचे तारण चढवणे. मालकी बदलण्याची घाई विकणाऱ्यालाही असली पाहिजे. २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की आरसीवर ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याचीच, मग गाडी प्रत्यक्षात कोणाच्याही ताब्यात का असेना. मी काकांना हे सांगितले तेव्हा ते दुसऱ्याच दिवशी आधारची पडताळणी करायला तयार होऊन बसले.

विम्याबाबत अनेकजण गाफील राहतात. गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करण्यासाठी कंपनीकडे अर्ज करावा लागतो. तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचे संरक्षण कायद्याने आपोआप पुढे चालते, पण आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे तसे नाही. पॉलिसी नावावर नसताना गाडी ठोकली गेली तर दावा अडकतो. शिवाय नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, हा गाडीचा नसतो, तो माणसाचा असतो. काकांचा ५० टक्के बोनस त्यांच्याबरोबर गेला आणि तेवढा फरक मला भरावा लागला. हा खर्च, मालकी बदलाचे शुल्क, नवा फास्टॅग, दोन टायर आणि बॅटरी असे मिळून २३,००० रुपये डाउन पेमेंटच्या वर गेले. जुनी गाडी घेताना एवढी रक्कम वेगळी काढूनच ठेवावी आणि तिला गाडीच्या किमतीचाच भाग समजावे.

दसऱ्याला सकाळी काकूंनी गाडीला हळदकुंकू लावले, झेंडूची माळ बांधली आणि काकांनी दोन्ही किल्ल्या, सर्व्हिसच्या सगळ्या पावत्या आणि ती प्लास्टिकची फाइल माझ्या हातात दिली. पाचपाखाडीतून कळव्यापर्यंतचा रस्ता मी तिसऱ्या गिअरच्या वर गेले नाही.

पहिला हप्ता ५ नोव्हेंबरला कापला गेला. डिसेंबरच्या अखेरीस मी अहवाल पुन्हा उघडला. २०२५ मध्ये बँकांना ही माहिती महिन्यातून दोनदा पतमाहिती कंपन्यांकडे पाठवावी लागत होती, त्यामुळे त्या पाच चौकश्यांच्या जोडीला कर्जाची नोंद आलेली होती आणि तिच्यासमोर दोन महिने वेळेवर भरल्याची खूण होती. ‘एनएच’ मात्र अजून तसेच आहे. आकडा यायला काही महिन्यांचा इतिहास जमावा लागतो.

नवी आरसी आली तिच्यावर माझे नाव आहे आणि खाली बँकेचे. शेवटचा, छत्तिसावा हप्ता ऑक्टोबर २०२८ मध्ये जाईल. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत कागदपत्रे परत करणे आणि तारणाची नोंद काढण्यासाठी लागणारी कार्यवाही करणे बँकेवर बंधनकारक आहे, आणि बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते, असा नियम डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. काकांच्या फाइलमध्ये मी सर्वांत वर एक कोरा कागद लावून त्यावर तारीख लिहून ठेवली आहे: नोव्हेंबर २०२८, एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन एचपी उतरवणे.